इंटरनेट पुरवठादाराच्या दप्तरातील तुमची नोंद: काय ठेवले जाते, ते कसे तपासावे आणि किती मर्यादित करता येते

ऑगस्ट २००७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांविषयी ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. हा मजकूर ज्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, आला होता, तो त्या वेळी कोणाकडे होता याची माहिती सेवा पुरवठादाराकडून मागवण्यात आली होती आणि उत्तरात या अभियंत्याचे नाव आले होते. पुढे ती माहितीच चुकीची निघाली, परंतु तोपर्यंत त्याचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले होते. त्यानंतरच्या वर्षी, जुलै २००८ मध्ये, अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी धमकीचा जो ई-मेल गेला, त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका सदनिकेपर्यंत पोहोचला. तेथील रहिवाशाच्या असुरक्षित वाय-फायचा दुसऱ्याच कोणीतरी वापर केला होता.

पहिल्या प्रकरणात नोंद चुकीची निघाली. दुसऱ्यात ती बरोबर होती, मात्र ती जोडणी कोणाची होती एवढेच सांगत होती आणि ई-मेल कोणी पाठवला याबद्दल गप्प होती. पुरवठादाराच्या दप्तरातील नोंद जोडणीची असते, माणसाची नसते. घरगुती ग्राहकाने आपल्या गोपनीयतेची काळजी घेताना हे कायम ध्यानात ठेवावे, कारण खाली सांगितलेल्या बहुतेक पायऱ्या यातूनच निघतात. कायद्याने बंधनकारक असलेली नोंद थांबवणे आपल्या हातात नाही. तिच्यात किती तपशील पडतो, आपल्या नावावर इतरांचा वापर चढतो की नाही आणि नोंद चुकीची असल्यास ते दाखवून देता येते की नाही, या तीन गोष्टींवर मात्र आपला बराच ताबा असतो.

पायरी पहिली: दप्तरात काय असते, हे नीट समजून घ्या

भारतात इंटरनेट पुरवठादाराला दूरसंचार विभागाचा परवाना लागतो आणि नोंदी ठेवण्याचे बंधन त्या परवान्याच्या अटींमध्येच आहे. पूर्वी ही मुदत किमान १ वर्ष होती. डिसेंबर २०२१ मधील दुरुस्तीने ती किमान २ वर्षे झाली. ही अट दूरध्वनी कॉलच्या नोंदींना लागू आहे, तशीच इंटरनेट वापराच्या नोंदींनाही आहे. या दुसऱ्या प्रकाराला पुरवठादारांच्या आणि पोलिसांच्या बोलण्यात ‘आयपीडीआर’ (इंटरनेट प्रोटोकॉल डिटेल रेकॉर्ड) म्हणतात. ‘किमान’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. २ वर्षांनंतर नोंद पुसलीच जाईल, अशी हमी त्यात नाही.

आयपीडीआरमध्ये साधारणपणे ग्राहकाची ओळख, त्याला दिलेला आयपी पत्ता, समोरच्या सर्व्हरचा आयपी पत्ता, दोन्ही बाजूंचे पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे आकडे), जोडणी सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ आणि किती माहितीची ये-जा झाली याचे आकडे असतात. मोबाइल इंटरनेट असेल, तर कोणत्या टॉवरवरून वापर झाला हेही त्यात येते. तुम्ही बँकेच्या संकेतस्थळावर काय भरले, व्हॉट्सअ‍ॅपवर काय लिहिले किंवा एखाद्या आजाराबद्दल नेमका कोणता लेख वाचला, हे त्यात नसते. आज बहुतेक संकेतस्थळांची वाहतूक कूटबद्ध असल्यामुळे आतला मजकूर पुरवठादाराला दिसत नाही.

एवढ्यावरून निर्धास्त राहणे मात्र योग्य नव्हे. रात्री दोन वाजता रोज अर्धा तास कोणत्या सेवेशी संपर्क होतो, घरातले लोक कधी झोपतात, घर कोणत्या दिवशी रिकामे होते, एखादा माणूस कोणत्या टॉवरच्या हद्दीत रात्र काढतो, हे मजकूर न वाचताही या नोंदींवरून काढता येते. त्यातच मजकुरात डोकावण्यासाठी कायद्याने जेवढे अडथळे उभे केले आहेत, तेवढे नोंदी मागवण्यासाठी नाहीत. संभाषण अडवून ऐकायचे असेल, तर नेहमीच्या परिस्थितीत केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा आदेश लागतो. तो एका वेळी ६० दिवसांपर्यंत चालतो, वाढवत नेला तरी १८० दिवसांच्या पुढे जात नाही आणि पुनरावलोकन समितीपुढे ठेवावा लागतो. तपासासाठी कागदपत्रे मागवण्याचा अधिकार मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ नुसार न्यायालयाबरोबरच पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. अशा वेळी मजकूर आणि नोंद यांच्या संरक्षणात एवढे अंतर असणे मला न्याय्य वाटत नाही, कारण महिनाभराच्या नोंदी एकत्र पाहिल्या की माणसाविषयी त्याच्या एखाद्या संभाषणापेक्षा जास्त कळते.

परदेशातील मराठी वाचकांसाठी येथे थोडे सांगतो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ८ एप्रिल २०१४ रोजी सरसकट नोंदी ठेवायला लावणारा संघाचा निर्देश रद्द ठरवला. ऑस्ट्रेलियात २०१५ पासून २ वर्षे नोंदी ठेवण्याचा कायदा आहे आणि ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यानुसार सरकार पुरवठादाराला १२ महिन्यांपर्यंत जोडणीच्या नोंदी ठेवायला सांगू शकते. पुढच्या पायऱ्यांतला तांत्रिक भाग सर्वत्र लागू पडतो, कायद्याचा भाग भारतापुरता आहे.

पायरी दुसरी: तुमचा आयपी पत्ता तुमच्या एकट्याचा आहे का, हे तपासा

आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून बरेच पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटून देतात. प्रत्येक पत्त्यामागे ६५,५३६ पोर्ट क्रमांक असतात, त्यांचे गट पाडले जातात आणि प्रत्येक ग्राहकाला त्यातला एक गट मिळतो. प्रत्येकी १,००० पोर्ट दिले, तर एका पत्त्यामागे साठेक घरे बसतात. अशा व्यवस्थेत नुसता आयपी पत्ता आणि तारीख यांवरून ग्राहक ओळखता येत नाही. पत्ता, पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंतची वेळ या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. त्यातली एक जरी चुकली, तरी शेजारच्या इमारतीतल्या माणसाचा वापर तुमच्या नावावर दाखवला जाऊ शकतो.

तुमची जोडणी अशी आहे का, हे पाच मिनिटांत तपासता येते. राउटरच्या व्यवस्थापन पानावर जा. त्याचा पत्ता राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो आणि बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. तेथे ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या विभागात दिसणारा आयपी पत्ता लिहून घ्या. मग ‘माझा आयपी पत्ता काय’ हे सांगणारे एखादे संकेतस्थळ उघडून तेथे दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही सारखे असतील, तर पत्ता सध्या तुमच्या एकट्याकडे आहे. राउटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर तो वाटून दिलेलाच आहे, कारण हा पट्टा याच कामासाठी राखून ठेवलेला आहे. १० ने सुरू होणारा पत्ता दिसला, तरीही अर्थ तोच.

आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे तेथे प्रत्येक घराला स्वतंत्र पट्टा मिळतो आणि वाटणीचा गोंधळ होत नाही. मात्र त्या पट्ट्यावरून घर थेट ओळखता येते. फोन आणि संगणक आपल्या पत्त्याचा शेवटचा भाग अधूनमधून बदलत असले, तरी सुरुवातीचा भाग घराचाच राहतो.

हे दोन्ही पत्ते, तपासल्याची तारीख आणि वेळ एका वहीत लिहून ठेवा किंवा पडद्याचे छायाचित्र घ्या. वर्षातून दोन-तीनदा हे केले, तर पुढे कधी वाद उभा राहिल्यास आपली जोडणी वाटून दिलेल्या पत्त्याची होती हे दाखवण्यासाठी हाताशी काहीतरी असते.

पायरी तिसरी: जोडणीचे कागद नीट करा

जोडणी घेताना भरलेला ग्राहक अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि पत्ता हा पुरवठादाराच्या दप्तराचा पाया असतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी मोठ्या कंपनीची सेवा स्थानिक केबल ऑपरेटरमार्फत येते आणि कागद त्याच्या दुकानातल्या फाइलीत राहतात. आधारची प्रत द्यायचीच असेल, तर शेवटचे ४ अंक सोडून बाकीचे झाकलेले मास्क्ड आधार द्या आणि प्रतीवर ‘केवळ अमुक इंटरनेट जोडणीसाठी’ असे लिहून तारखेसह सही करा. पुरवठादार प्रत्यक्षात कोण आहे हे नक्की माहीत नसेल, तर पावतीवरचे परवानाधारक कंपनीचे नाव पाहा. केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर परिसरातील तारेच्या इंटरनेट सेवा पुरवठादारांची माहिती मिळते आणि आपल्या नावावर किती मोबाइल क्रमांक चालू आहेत, हेही तेथेच पाहता येते. ओळखीचा नसलेला क्रमांक दिसला, तर लगेच तेथूनच कळवा.

भाड्याच्या घरांत एक चूक फार होते. जोडणी घरमालकाच्या नावावर असते, भाडेकरू बदलत राहतात आणि पासवर्ड तोच राहतो. पुण्यातल्या विद्यार्थ्यांच्या खोल्यांमध्ये तर एका जोडणीवर आठ-दहा जण असतात आणि त्यातले निम्मे पुढच्या वर्षी निघून गेलेले असतात. नोंद मात्र मालकाच्या नावावर चढत राहते. म्हणून जोडणी भाडेकरूने स्वतःच्या नावावर घ्यावी. ते शक्य नसेल, तर भाडेकरारातच जोडणी कोण वापरणार आणि कोणत्या तारखेपासून हे लिहावे. घर सोडताना जोडणी लेखी कळवून बंद करावी आणि बंद केल्याची पोच जपून ठेवावी. फक्त पैसे भरणे थांबवल्याने जोडणीवरचे तुमचे नाव जात नाही.

पायरी चौथी: राउटर

सानपाड्याच्या प्रकरणाचे कारण येथे होते. तंत्रज्ञाने जोडणी बसवताना ठेवलेला वाय-फायचा पासवर्ड बहुधा ग्राहकाचा मोबाइल क्रमांक किंवा एक ते आठ असे ओळीने आकडे असतो. तो त्याच दिवशी बदला. त्यासोबत राउटरच्या व्यवस्थापन पानाचा पासवर्डही बदला, कारण वाय-फायचा पासवर्ड आणि हा पासवर्ड वेगळे असतात, आणि दुसरा बहुतेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए३’ असेल तर ते निवडा, नसेल तर ‘डब्ल्यूपीए२’ निवडा. बटण दाबून जोडणी देणारी ‘डब्ल्यूपीएस’ ही सोय बंद करा.

पाहुण्यांसाठी, कामाला येणाऱ्या माणसांसाठी आणि खालच्या मजल्यावरच्या दुकानासाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क सुरू करा आणि त्याचा पासवर्ड काही महिन्यांनी बदलत राहा. राउटरवर जोडलेल्या उपकरणांची यादी असते. ती महिन्यातून एकदा उघडून अनोळखी उपकरण आहे का ते पाहावे. मात्र नवे फोन प्रत्येक नेटवर्कसाठी आपला उपकरण क्रमांक बदलतात, त्यामुळे अनोळखी दिसणारी नोंद तुमच्याच फोनची असू शकते. आधी घरातले सगळे फोन एकेक करून बंद करून पाहावे, आणि मगच संशय घ्यावा.

राउटरचे घड्याळ बरोबर आहे का, हे मी मुद्दाम पाहायला सांगतो. राउटरमधल्या नोंदी पुष्कळदा १९७० साल दाखवतात, कारण वेळ जुळवण्याची सोय सुरूच केलेली नसते. भारतीय प्रमाणवेळ निवडून ती सुरू करा. वीज गेली की बऱ्याच राउटरमधल्या नोंदी पुसल्या जातात, म्हणून महत्त्वाचे काही दिसले तर तेव्हाच उतरवून घ्या. राउटर परत करताना किंवा बदलताना तो पूर्ववत करण्याचे बटण दाबून आतले सर्व पुसून टाका.

पायरी पाचवी: नावे शोधण्याची विचारणा कूटबद्ध करा

एखाद्या संकेतस्थळाचे नाव टाइप केले की त्या नावामागचा आयपी पत्ता शोधावा लागतो. हे काम डीएनएस करते. काहीही बदल केलेला नसेल, तर ही विचारणा पुरवठादाराच्याच सर्व्हरकडे उघड्या स्वरूपात जाते, त्यामुळे त्याला संकेतस्थळांची नावे सरळ दिसतात. आयपीडीआरमध्ये निव्वळ आयपी पत्ता असतो आणि एका पत्त्यामागे हजारो संकेतस्थळे असू शकतात. त्यामुळे नावांची ही यादी हाती लागली, तर नोंदीचा तपशील एकदम वाढतो.

अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून पुढच्या फोनमध्ये सेटिंग्जमधील नेटवर्कच्या विभागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ हा पर्याय असतो. तेथे सेवा देणाऱ्याचे नाव भरावे लागते. उदाहरणार्थ क्वाड९ या स्वित्झर्लंडमधील ना-नफा संस्थेसाठी ‘डीएनएस’, ‘क्वाड९’ आणि ‘नेट’ हे शब्द रोमन अक्षरांत, मध्ये बिंदू देऊन लिहावे. संगणकावर फायरफॉक्सच्या गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ हा भाग आहे, आणि त्यातला सर्वांत कडक पर्याय निवडल्यास उघडी विचारणा होतच नाही. विंडोज ११ मध्येही ही सोय आहे. रेल्वे स्थानकावरचे किंवा हॉटेलातले वाय-फाय यामुळे कधी कधी लॉगिनचे पान दाखवत नाही, तेव्हा तेवढ्यापुरता पर्याय बंद करावा.

याची मर्यादाही ओळखून असावे. जोडणी सुरू होताना संकेतस्थळाचे नाव बहुधा उघडेच पाठवले जाते, त्यामुळे नेमके पाहणाऱ्याला ते तेथे दिसू शकते. शिवाय पुरवठादाराऐवजी डीएनएस देणाऱ्या संस्थेवर विश्वास ठेवावा लागतो. तरीही हा बदल फुकट आणि कायमचा आहे, घरातल्या कोणालाही करता येतो, आणि म्हणून मी तो सर्वांत आधी करायला सांगतो.

पायरी सहावी: व्हीपीएन घेण्याआधी विचार करा

व्हीपीएन म्हणजे तुमची वाहतूक कूटबद्ध करून मधल्या एका कंपनीच्या सर्व्हरमार्फत पाठवणारी सेवा. ती वापरल्यावर पुरवठादाराच्या नोंदीत फक्त व्हीपीएनच्या सर्व्हरचा पत्ता, वेळ आणि माहितीचे आकारमान उरते. बाकी सगळे व्हीपीएन कंपनीला दिसते. म्हणजे नोंद ठेवणारा बदलतो, नोंद ठेवली जाण्याची शक्यता कायम राहते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा देणाऱ्यांनी ग्राहकांची पडताळलेली नावे, पत्ते, संपर्क, त्यांना दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचे कारण ५ वर्षे जपून ठेवायचे आहे. त्यानंतर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क आणि नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. साध्या जोडणीची नोंद २ वर्षे आणि गोपनीयतेसाठी घेतलेल्या सेवेच्या ग्राहकाची माहिती ५ वर्षे, हा हिशेब ग्राहकाने पैसे भरण्याआधी लक्षात घ्यावा. फुकट व्हीपीएन अ‍ॅप तर टाळावेच, कारण त्याचा खर्च कोठून निघतो हे ग्राहकाला सांगितले जात नाही. कार्यालयाने दिलेल्या व्हीपीएनला हे निर्देश लागू नाहीत, परंतु त्यावरून होणारी वाहतूक कार्यालयाला पाहता येते, त्यामुळे खासगी कामे त्यावरून करू नयेत.

पायरी सातवी: पुरवठादाराला लेखी विचारा

नुसत्या फोनवर विचारू नका. तक्रार केंद्राकडे ई-मेल पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. माझ्याविषयी कोणत्या प्रकारची माहिती ठेवली जाते, ती किती काळ राहते, जाहिरातीसाठी किंवा अन्य कंपन्यांना दिली जाते का, माझ्या जोडणीचा पत्ता वाटून दिलेला आहे का, आणि माझा ग्राहक अर्ज व ओळखपत्राची प्रत सध्या कोणाच्या ताब्यात आहे, एवढे प्रश्न पुरेसे आहेत. समाधान झाले नाही, तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. बीएसएनएल ही सरकारी कंपनी असल्याने तेथे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. खासगी कंपनीला असा थेट अर्ज करता येत नाही.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. ग्राहकाला आपली माहिती पाहण्याचा, दुरुस्त करवून घेण्याचा आणि गरज संपल्यावर पुसायला सांगण्याचा हक्क देणाऱ्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायच्या आहेत. मात्र अन्य कायद्याने जपायची असलेली माहिती पुसून मिळणार नाही, त्यामुळे आयपीडीआर पुसण्याची मागणी करण्यात अर्थ नाही. जाहिरातीसाठी दिलेली संमती काढून घेणे, जुना पत्ता दुरुस्त करणे आणि बंद जोडणीची ओळखपत्रे मुदत संपल्यावर नष्ट करायला लावणे, यांसाठी तो कायदा उपयोगी पडेल.

पायरी आठवी: तुमच्या जोडणीबद्दल पोलिसांची विचारणा झाली, तर

घाबरून राउटर पूर्ववत करू नका, फोन पुसू नका. असे केल्याने तुमच्या बाजूचा पुरावाही जातो आणि संशयही वाढतो. नोटीस लेखी मागा आणि ती साक्षीदार म्हणून आहे की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली संशयित म्हणून हजर राहण्याची आहे, हे पाहा. साक्षीदार म्हणून बोलावणे असेल, तर महिला, १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरील पुरुष, तसेच अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना स्वतःच्या राहत्या ठिकाणाशिवाय अन्यत्र हजर राहण्याची सक्ती कलम १७९ नुसार करता येत नाही. उपकरण जप्त झाले, तर पंचनाम्याची प्रत घ्या. नव्या संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचे असते.

त्यानंतर वकिलामार्फत तीन गोष्टी विचारा. आयपी पत्त्यासोबत पोर्ट क्रमांक दिला आहे का? संकेतस्थळाने दिलेली वेळ कोणत्या प्रमाणवेळेतली आहे? परदेशी कंपन्या बहुधा जागतिक प्रमाणवेळ वापरतात आणि भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे असते. हा फरक धरला नाही, तर रात्री साडेदहाचा वापर संध्याकाळी पाचचा समजला जातो आणि त्या वेळी तो पत्ता ज्याच्याकडे होता तो भलताच ग्राहक समोर येतो. तिसरे, पुरवठादाराने दिलेल्या नोंदीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे, इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी लागणारे, प्रमाणपत्र आहे का? वाटून दिलेल्या पत्त्याच्या बाबतीत पोर्ट क्रमांक नसेल, तर ती नोंद साठेक घरांपैकी कोणाकडेही बोट दाखवते, हे लेखी जबाबात स्पष्टपणे मांडावे. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत जमवलेले कागद आणि छायाचित्रे याच वेळी जोडावीत.

याच दिवशी पुरवठादारालाही पत्र पाठवा आणि संबंधित तारखेच्या आगेमागे काही दिवसांच्या तुमच्या जोडणीच्या सर्व नोंदी, पत्ता वाटपाच्या नोंदींसह, प्रकरण संपेपर्यंत जपून ठेवण्याची विनंती करा. पत्राची प्रत तपास अधिकाऱ्याला द्या आणि पोच घ्या. २ वर्षांची किमान मुदत उलटल्यावर पुरवठादार नोंद पुसू शकतो, खटले मात्र त्याहून जास्त चालतात, आणि त्या वेळी तुम्ही त्या पत्त्यावर नव्हता हे सांगणारी नोंद कदाचित तेवढी एकच असेल.